वेदनेची वाट

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा एक प्रश्न आला आहे. मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. त्यांविषयी भगवंतांचे मत काय? तथागतांनी ते मत अमान्य केले. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुपालट, शरीराची हेळसांड, बाह्य आघात अशी कारणे त्यांनी प्रथम सांगितली. कर्मविपाक आला तो शेवटी, आठवा म्हणून. वेदनेचे कारण शरीरात व परिस्थितीत शोधण्याची ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते.

अनवाणी पायात बाभळीचा काटा रुतला असे समजा. त्वचेतील ज्ञानतंतू ती वार्ता पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे नेतात. हा रज्जू प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येकाच्या मागील मुळातून संवेदना आत येते, पुढील मुळातून हालचालीची प्रेरणा बाहेर जाते. हे फ्रान्समधील मॅजेन्डी यांनी १८२२ साली प्रयोगाने दाखविले. काट्याची वार्ता येताच मज्जारज्जू तेथल्या तेथे पाय वर खेचवितो आणि तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ करवितो. तीच वार्ता मज्जारज्जूत बाजू बदलून वर मेंदूत जाते, आणि मग 'दुखले' ही जाणीव होते. ठणका त्याहूनही मागाहून येतो, कारण तो वाहणाऱ्या तंतूंतील वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर असतो. 'मी पाय उचलला' असे आपण म्हणतो खरे. पण त्या 'मी'ला बातमी लागण्यापूर्वीच पाय उचलला गेलेला असतो! अनात्मवादाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे.

झाडावरून पडून ज्याचा मज्जारज्जू पूर्ण तुटला, त्याला पायांची संवेदना नसते व ते इच्छेने हलविताही येत नाहीत. तरीही काही आठवड्यांनी तळव्याला स्पर्श करताच पाय आखडतो. नवस फळला असे घरच्यांना वाटते. वस्तुतः इजेच्या खालचा मज्जारज्जू आपले काम एकट्यानेच करीत असतो. मेंदूशी तुटलेला संबंध जुळल्याचे ते लक्षण नव्हे. हे कटू सत्य घरच्यांना वेळीच सांगितले पाहिजे, म्हणजे पैसा मांत्रिकाकडे न जाता शुश्रूषेकडे वळेल.

कुष्ठरोगात वाट याच्याही अलीकडे तुटते. नॉर्वेतील हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधलेला जंतू हातापायांच्या मज्जातंतूंनाच निकामी करतो. काटा रुततो, तवा भाजतो, पण वार्ता मज्जारज्जूपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हात मागे येत नाही आणि जखम चिघळते. बोटे झडतात ती मुख्यतः या नकळत झालेल्या इजांमुळे. ज्याला गतजन्मीचे पाप ठरवून माणसे गावाबाहेर घालविली गेली, त्याचे कारण हे एवढे आहे. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो, आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. मात्र गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. अशा व्यक्तीने गरम भांडे जाड फडक्यानेच धरावे, अनवाणी चालू नये, आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे डोळ्यांनी तपासावेत.