घरात बाबासाहेब आहेत, इंग्रजी कुठे आहे?

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर आणि लासुर्णे ओलांडल्यावर एक ठिकाण लागते. त्याचे नावच जंक्शन. तिथून वालचंदनगरचा फाटा फुटतो आणि सरळ गेले की अंथुर्णे येते. ऊस, कालवा, कारखाना आणि मजुरी यांवर जगणारा हा पट्टा. इथला निरक्षर मजूरसुद्धा दिवसभरात कितीतरी इंग्रजी शब्द बोलून जातो. फॅक्टरी, ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटार, स्टार्टर, टनेज, अॅडव्हान्स, बिल. शब्द आले, भाषा मात्र आली नाही. अॅडव्हान्स म्हणजे काय हे त्याला चांगले कळते, कारण तो फेडता फेडता त्याची कंबर मोडते. पण इंग्रजीत लिहिलेला एखादा कागद हातात पडला, की तो वाचून घ्यायला त्याला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागते.

याच रस्त्याने दरवर्षी तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते. ज्ञान संस्कृतात कुलूपबंद होते आणि शूद्रातिशूद्रांना त्या कुलपाला हात लावण्याचीही बंदी होती, त्या काळात तुकोबांनी लोकांच्या भाषेत लिहिले. आज कुलूप बदलले आहे. उच्च शिक्षण, मोठ्या नोकऱ्या, वरची न्यायालये, सगळ्यांचे कुलूप आता इंग्रजी आहे. फरक इतकाच की इंग्रजी शिकायला आज कायद्याने कुणालाही बंदी नाही. बंदी नसताना आमचे पोर दाराबाहेर उभे असेल, तर दोष कुणाचा, याचा विचार आंबेडकरी समाजाने केला पाहिजे.

इंग्रजीचा विषय निघाला की मराठीच्या अभिमानाची भाषणे सुरू होतात. या अभिमानाचा इतिहास जरा तपासून पाहावा. 'निबंधमाला' काढून मराठीचा झेंडा उंचावणारे आणि त्याच मालेतून जोतीरावांच्या भाषेची टवाळी करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळकांसह १८८० साली पुण्यात शाळा काढली. तिचे नाव काय ठेवले? न्यू इंग्लिश स्कूल! इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटल्याचे त्यांच्याच नावावर सांगितले जाते. म्हणजे दुसऱ्यांना भाषाभिमान आणि स्वतःच्या मुलांना वाघिणीचे दूध, ही वाटणी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आजही व्यासपीठावर मराठीसाठी गळा काढणाऱ्या किती पुढाऱ्यांची आणि साहित्यिकांची नातवंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून घ्यावे.

आपल्या महापुरुषांनी ही लबाडी फार आधी ओळखली होती. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. सावित्रीमाईंनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, ते इंग्रजीत होते. शेतकऱ्यांच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर उधळला जातो आणि कष्टकऱ्यांची प्राथमिक शाळा उपाशी राहते, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत राज्यकर्त्यांना सुनावले. दरखास्त लिहायला त्यांनी कुणा शास्त्र्याची वाट पाहिली नाही.

आणि बाबासाहेब? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण बाबासाहेबांचे इंग्रजी केवळ त्या शाळेने घडवले नाही. ते घडवले सुभेदार रामजींनी. लष्करी शाळेत शिक्षक राहिलेल्या या बापाने मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके वाचून घेतली, तर्खडकरांच्या पाठमालेतून भाषांतरे करवून घेतली. रोज शब्द, रोज वाचन, मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी. पुढे शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पण इंग्रजी कुणी नाकारू शकले नाही. त्याच भाषेने त्यांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात नेले आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' जगापुढे मांडायचे बळ दिले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. बाबासाहेबांनी इंग्रजीसाठी मराठी टाकली नाही. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' ही पत्रे त्यांनी मराठीतच चालवली, कारण समाजाशी बोलायचे होते. सरकारशी आणि जगाशी बोलायचे तेव्हा ते इंग्रजीत लिहीत. दोन्ही हातांत दोन शस्त्रे होती. आपल्या मुलांच्या एका तरी हातात आज धड शस्त्र आहे काय?

महाराष्ट्रात पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून शिकवत. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून सुरू झाली. तेव्हा कोवळ्या मुलांवर ओझे पडेल म्हणून मोठा ओरडा झाला. ओरडणाऱ्यांची स्वतःची मुले तर बालवाडीपासूनच इंग्रजीत शिकत होती. निर्णय योग्यच होता. पण निर्णय कागदावर झाला, तयारी वर्गात झाली नाही. स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या आणि इंग्रजी बोलायची कधी वेळ न आलेल्या शिक्षकाच्या हाती पहिलीचे इंग्रजी पुस्तक आले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. त्या दोघांनी सगळे वर्ग, सगळे विषय सांभाळायचे, शिवाय सर्वेक्षण, निवडणूक आणि ऑनलाइन माहितीचे काम. मग इंग्रजीच्या तासाला काय होते? गुरुजी ओळ वाचतात, तिचा मराठी अर्थ सांगतात, मुले फळ्यावरची उत्तरे उतरवून घेतात. दहावीला गाईडमधला निबंध पाठ करून ३५ गुण मिळतात. दहा वर्षे इंग्रजी शिकलेला मुलगा इंग्रजीत स्वतःचे एक वाक्य लिहू शकत नाही. हा दोष मुलाचा नाही आणि एकट्या गुरुजींचाही नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदी लादण्याच्या निर्णयावरून राज्यभर आंदोलने झाली आणि २९ जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. ते चांगलेच झाले. पण पंचवीस वर्षे पहिलीपासून असलेल्या इंग्रजीचे काय झाले, हे त्या गदारोळात फारसे कुणी विचारले नाही.

शाळेवरचा विश्वास उडाला की मजूर आईबापसुद्धा पोटाला चिमटा घेऊन पोराला इंग्रजी माध्यमात घालतात. टाय, बूट, पिवळी गाडी. पण फलक इंग्रजी असला म्हणून आतले शिकवणे इंग्रजी होत नाही. तुटपुंज्या पगारावर राबणारे शिक्षक आणि घरी पुस्तक समजावून द्यायला कुणी नाही. पोर ना इंग्रजीत पक्के होते, ना मराठीत. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागा हा गरिबांना एक आधार होता. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना त्यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. हक्क कोर्टात जाऊन टिकवावा लागला, हे विसरू नये.

आणि कोर्टाची भाषा कोणती? राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. गावातल्या अत्याचाराची फिर्याद मराठीत लिहिली जाते, पण अपील वर गेले की ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला आपल्याच खटल्याचा निकाल वाचता येत नाही. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पण विद्यापीठाचा प्रवेश आणि इंग्रजीची परीक्षा आधी पार करावी लागते. तिथेच खेड्यातला हुशार मुलगा अडतो. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांपैकी बहुतेक इंग्रजीत आहेत. आपल्या घराघरात बाबासाहेबांची तसबीर आहे, पण त्यांचे मूळ शब्द वाचता येणारे किती आहेत? अनुवाद हवेतच. पण बापाचे पत्र किती पिढ्या दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे?

मग करायचे काय? सरकारकडे मागणी करावीच. प्रत्येक केंद्रात इंग्रजीचा प्रशिक्षित शिक्षक द्या, पट कमी म्हणून वस्तीची शाळा बंद करू नका, या मागण्या रस्त्यावर उतरून कराव्यात. पण रामजी सुभेदारांनी सरकारची वाट पाहिली नव्हती. वस्तीतले विहार जयंती आणि वंदनेनंतर बरेचदा बंदच असते. तिथे रोज संध्याकाळी एक तास इंग्रजीचा वर्ग सुरू करायला काय लागते? एक फळा, एक चांगला शब्दकोश आणि वस्तीतला पदवीपर्यंत शिकलेला एक तरुण किंवा तरुणी. पहिला धडा म्हणून राज्यघटनेची उद्देशिका घ्यावी. ती मराठीत मुलांना शाळेत पाठ असते. आता इंग्रजी उद्देशिका समोर ठेवून एकेक शब्द जुळवावा. जस्टिस म्हणजे न्याय, लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्य, इक्वॅलिटी म्हणजे समता, फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुता. पहिल्या आठवड्यात मुलगा चार शब्द शिकेल आणि त्या चार शब्दांवर आपला हक्क आहे हेही शिकेल. मग रोज वर्तमानपत्रातल्या पाच ओळी, दोन्ही बाजूंनी भाषांतर आणि चुकले तरी मोठ्याने बोलणे. चुकणाऱ्याला हसायचे नाही, हा वर्गाचा एकमेव कडक नियम.

जयंतीला डीजेवर जो खर्च होतो, त्याच्या एका हिश्श्यात वर्षभराची पुस्तके येतील. अंथुर्ण्यासारख्या गावागावांतून येत्या ७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिवशी, असा एकेक वर्ग सुरू झाला, तर त्या दिवसाचे हार घालण्यापलीकडे काही सार्थक होईल. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यात पहिला शब्द 'शिका' आहे.

जयभीम!