नेवासा : टेकडी, खांब आणि समुद्राची वाट

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा हे तालुक्याचे गाव अरबी समुद्रापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मध्ये सह्याद्री आडवा पसरलेला आहे. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरांचा इतिहास सांगताना घाटमाथ्यावरच्या ज्या मोजक्या स्थळांना वगळता येत नाही, त्यांत नेवाशाची गणना होते. मराठी वाचकाला हे गाव ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक असते, तर पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला ते लाडमोड नावाच्या टेकडीमुळे ठाऊक असते, आणि या दोन ओळखींची सहसा गाठ पडत नाही. वास्तविक टेकडीवर जे सापडत नाही ते ज्ञानेश्वरीशी जोडलेल्या खांबापाशी आणि त्या ग्रंथात सापडते, तर ग्रंथाच्या मागे असलेला दीर्घ काळ टेकडीच्या पोटात आहे, म्हणून गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर दोन्ही एकत्र वाचावी लागतात.

नेवाशाचे सारे जीवन प्रवरा नदीवर उभे आहे. सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावून अकोले, संगमनेर या भागांतून वाहत आलेली ही नदी नेवासा खुर्द आणि नेवासा बुद्रुक या दोन वस्त्यांच्या मधून जाते आणि थोड्याच अंतरावर प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. नदीच्या कापलेल्या काठांत गाळ, वाळू आणि दगडगोट्यांचे थर उघडे पडलेले असल्यामुळे मानवी वस्तीच्या कितीतरी आधीचा काळही येथे वाचता येतो. डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया यांना या थरांत अश्मयुगीन हत्यारे आणि नामशेष झालेल्या रानटी बैलांचे अश्मीभूत अवशेष मिळाले. त्यांतील जड हातकुऱ्हाडी सर्वांत जुन्या टप्प्यातील होत्या, तर चर्ट आणि जास्पर या चकमकीच्या जातीच्या दगडांपासून काढलेल्या छिलक्यांची, म्हणजे दगडावर आघात करून उडवलेल्या पातळ कपच्यांची, लहान हत्यारे त्यानंतरच्या टप्प्यातील होती. मध्य पुराश्मयुगातील या हत्यारांच्या परंपरेला पुढे अभ्यासकांच्या लेखनात नेवाशाचेच नाव मिळाले.

लाडमोड टेकडीचे उत्खनन सांकलिया, शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली १९५४ ते १९५६ या काळात आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात झाले. पहिल्या टप्प्याचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या इंग्रजी शीर्षकातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याची दिशा सांगितलेली आहे, कारण उत्खनन वरून खाली जाते आणि सर्वांत अलीकडचा काळ सर्वांत आधी हाताला लागतो. या उत्खननातील ताम्रपाषाणयुगीन थर, म्हणजे तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्तीचा थर, विशेष संपन्न निघाला. ही वस्ती जोर्वे संस्कृतीची होती. संगमनेरजवळच्या जोर्वे या प्रवरेकाठच्याच गावावरून हे नाव पडले असून तिचा बहराचा काळ सामान्यतः इसवी सनपूर्व १४०० ते १००० असा मानला जातो. तांबूस भाजणीवर काळ्या रंगाने रेखाटन केलेली तोटीची भांडी आणि कंगोरेदार वाडगे, दगडी पाती, पाटे आणि कुडाच्या घरांच्या जमिनी असा या लोकांचा संसार होता.

या लोकांनी दगावलेल्या मुलांना घराबाहेर नेले नाही. लहान मुलाचा देह दोन मोठ्या रांजणांत ठेवून, त्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, ते घराच्या जमिनीखाली खड्ड्यात आडवे पुरण्याची त्यांची रीत होती. अशाच एका दफनात मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली आणि मण्यांच्या भोकांत ओवलेल्या दोऱ्याचे अवशेषही शिल्लक होते. एरवी असा दोरा काही वर्षांतच कुजून गेला असता, पण तांब्यापासून झिरपलेल्या क्षारांमुळे तो टिकला. ए. एन. गुलाटी यांनी केलेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यात कापसाच्या तंतूंबरोबर रेशीमही असल्याचे दिसून आले, त्यामुळे भारतातील रेशमाच्या अगदी जुन्या पुराव्यांत नेवाशाच्या या धाग्याचा उल्लेख केला जातो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या गावात कोणी तरी दोऱ्यात मणी ओवले आणि ते आपल्या मुलाच्या गळ्यातून मरणानंतरही काढून घेतले नाहीत, एवढे त्या धाग्यावरून निश्चित कळते, आणि नेवाशाच्या सगळ्या अवशेषांत याहून मोलाचा अवशेष दुसरा नाही.

त्यानंतरच्या, म्हणजे सातवाहन राजांच्या काळातील थरांत समुद्राशी संबंध दाखवणाऱ्या वस्तू येतात. सातवाहनांची नाणी, काचेच्या बांगड्या आणि मणी यांच्याबरोबर येथे अँफोरांचे तुकडे मिळाले. अँफोरा म्हणजे भूमध्य समुद्राच्या प्रदेशात बनवलेली, दोन कानांची, अरुंद गळ्याची आणि बुडाशी निमुळती होत गेलेली उंच मातीची भांडी. जहाजाच्या तळात ती दाटीने रचता येत आणि त्यांतून मद्य, ऑलिव्हचे तेल असे पदार्थ पाठवले जात. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या माहितीपुस्तकात भडोच बंदरात इटलीच्या मद्याला मागणी असल्याचे नमूद आहे. त्याच पुस्तकात पैठण हे भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या आणि तगर, म्हणजे आजचे तेर, पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले असून या दोन्ही ठिकाणांहून गोमेदासारखे खडे आणि तलम तसेच जाडीभरडी वस्त्रे गाड्यांत भरून अवघड वाटांनी बंदरावर येत असत, असेही म्हटले आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे नाणेघाटाने जुन्नरशी आणि पुढे पैठणशी जोडलेली होती. प्रवरा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळचे, नदीच्या प्रवाहाने पैठणच्या वरच्या अंगाला असलेले नेवासा या दळणवळणाच्या टापूतच येते. मातीचे वजनदार भांडे न फुटता घाट चढवून इतक्या आत आणण्यासाठी बैल, गाड्या, मुक्कामाच्या जागा आणि माल विकत घेणारा सधन वर्ग हे सगळे लागते, म्हणून खापराचे हे तुकडे त्या काळच्या नेवाशाच्या ऐपतीचीही साक्ष देतात.

यानंतर टेकडी गप्प होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतरच्या थरांवर एकदम चौदाव्या-पंधराव्या शतकानंतरचे, मुसलमानी आणि मराठा अमदानीचे थर येतात आणि मधल्या हजारएक वर्षांची वस्ती तेथे दिसत नाही. ज्ञानेश्वरीचा काळ नेमका याच खंडात येतो. नेवासा ओस पडले होते, असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल, कारण टेकडी म्हणजे सगळे गाव नव्हे आणि नदीकाठची वस्ती जागा बदलत राहते. यादवकाळातील नेवाशाचा पुरावा गावाच्या पश्चिमेला उभा आहे, आणि तो म्हणजे पैस खांब.

हा खांब एका नष्ट झालेल्या मंदिराचा आहे. त्यावर कोरलेल्या लेखात करवीरेश्वर या देवाला वंदन करून अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद केलेली आहे, त्यामुळे येथे शिवाचे देवालय होते आणि त्याच्या दिवाबत्तीची तजवीज करणारे दाते होते, हे समजते. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले आणि सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतले, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० हा काळ, यादव राजा रामचंद्र याचे राज्य, गोदावरीच्या दक्षिण तीरावरील महालयेचे क्षेत्र आणि लेखक सच्चिदानंद यांचा निर्देश आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९७ चा मानला जातो, त्या हिशेबाने त्यांचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ रचला जाण्यासाठी प्रतिभा तर हवीच, पण श्रोत्यांची सभा, लिहून घेणारा जाणता माणूस आणि निर्वेध बसता येईल अशी जागाही हवी. पैठणच्या धर्मसभेकडून परतणाऱ्या, समाजाने वाळीत टाकलेल्या ज्ञानेश्वरादी भावंडांना नेवाशाने ही जागा दिली, हे या गावाचे मोठेपण आहे. यानंतर सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि त्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली.

खांबाभोवतीचे आजचे मंदिर विसाव्या शतकातील असून त्याच्या उभारणीमागे बन्सी महाराज तांबे यांची खटपट होती. दुर्गा भागवत यांनी याच खांबावर ‘पैस’ हा ललित निबंध लिहिला. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९७० मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७१ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गावातील मोहिनीराजाचे दगडी मंदिर होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७७३ च्या सुमारास बांधले. विष्णूच्या मोहिनी रूपाची अशी स्वतंत्र पूजा इतरत्र फारशी आढळत नाही. समुद्रमंथनातून निघालेले अमृत मोहिनीने येथेच देवांना वाढले, पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीला पडले आणि काया कायगावला पडली, अशी कथा या पंचक्रोशीत सांगितली जाते. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात, त्या नावाशीही ही कथा जुळून येते.

माघ पौर्णिमेला मोहिनीराजाची यात्रा भरते, आणि आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, दिंड्या घेऊन आलेल्या वारकऱ्यांनी पैस खांबाचा परिसर फुलून जातो. भेंडे आणि सोनई येथील सहकारी साखर कारखाने आणि शनिशिंगणापूरचे देवस्थान यांमुळे तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांत सतत येत असते, आणि १९५० च्या दशकातील त्या उत्खननाची आठवण मात्र अभ्यासकांच्या वर्तुळापुरती राहिली आहे. टेकडीत सापडलेल्या वस्तू पाहायच्या तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावे लागते. एकादशीला लांबून चालत येणाऱ्या वारकऱ्याला खांबाचे दर्शन झाल्यावर त्याच गावात जोर्वे काळातील रांजण, तांब्याच्या मण्यांची माळ आणि अँफोराचे एखादे खापर, निदान त्यांच्या प्रतिकृती तरी, मराठीत लिहिलेल्या माहितीसह पाहता आल्या पाहिजेत, आणि लाडमोड टेकडीकडे जाणारी वाट दाखवणारी एक पाटी मंदिराच्या दाराशी लागली पाहिजे.