लिक्विड बायोप्सी

लिक्विड बायोप्सी म्हणजे रक्तासारख्या शरीरद्रवात उतरलेल्या कर्करोगाच्या खुणा शोधण्याची चाचणी होय. नेहमीच्या बायोप्सीत गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. या चाचणीस शिरेतून घेतलेले रक्त पुरते.

तत्त्व

पेशी नष्ट होताना त्यांतील डीएनएचे बारीक तुकडे रक्तद्रवात मिसळतात. कर्करोगाच्या पेशींतून आलेल्या तुकड्यांत उत्परिवर्तने आढळतात, तसेच डीएनएला जोडलेल्या मिथिल गटांची मांडणीही बदललेली असते. ही मांडणी अवयवागणिक भिन्न असल्याने रोगाचे मूळ स्थान कोणते असावे, याचा अंदाज बांधता येतो.

इतिहास

इ.स. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर टॉमस ॲशवर्थ यांना कर्करोगाने मरण पावलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठीतल्यासारख्या पेशी आढळल्या. इ.स. १९४८ मध्ये मांडेल व मेते या फ्रेंच संशोधकांनी रक्तद्रवात पेशीबाहेरील न्यूक्लिइक आम्ले असल्याचे दाखवले. इ.स. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचे बदल रक्तातून ओळखणाऱ्या चाचणीस मान्यता दिली. तिचा उपयोग निदान झालेल्या रुग्णासाठी औषध निवडण्यापुरता होता. लक्षणे नसलेल्या, ४५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग शोधणाऱ्या ‘शील्ड’ या रक्तचाचणीस जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

मर्यादा

गाठ लहान असताना रक्तात उतरणारा डीएनए अत्यल्प असतो. त्यामुळे जेथे लवकर निदानाची सर्वाधिक गरज असते, तेथेच ही चाचणी दुबळी ठरते. अनेक कर्करोग एकत्र शोधणाऱ्या ‘गॅलेरी’ चाचणीच्या इ.स. २०२१ मधील अभ्यासात चौथ्या टप्प्यातील सुमारे ९० टक्के कर्करोग ओळखले गेले, तर पहिल्या टप्प्यातील केवळ १७ टक्के.

होकारार्थी निष्कर्षही अंतिम नसतो. इ.स. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पाथफाइंडर’ अभ्यासात ६,६२१ व्यक्तींपैकी ९२ जणांच्या रक्तात कर्करोगाचा संकेत मिळाला. पुढील तपासण्यांत त्यांपैकी ३५ जणांनाच कर्करोग असल्याचे निश्चित झाले. उरलेल्या ५७ जणांना अनावश्यक तपासण्या व चिंता सोसावी लागली.

म्हणून संकेत मिळाल्यास स्कॅन व नेहमीची बायोप्सी यांद्वारे खात्री करणे आवश्यक असते. नकारार्थी निष्कर्ष आला, तरी मॅमोग्राफी किंवा गर्भाशयमुखाची तपासणी यांसारख्या प्रस्थापित चाचण्या टाळता येत नाहीत.