कातीव फुलदाणी : घाट बाहेरचा, कसोटी आतली

लाकडाचा ठोकळा दोन टोकांमध्ये पकडून फिरता ठेवला आणि त्यावर धारदार हत्यार टेकवले, की त्याला गोल घाट येतो. या क्रियेला कातणे म्हणतात, ती ज्यावर होते तो चरक, म्हणजे आजचा लेथ, आणि हे काम करणारा तो कातारी. महाराष्ट्रात या कामाची कीर्ती सावंतवाडीने राखली असून, तेथील चितारी कारागिरांच्या लाखेने रंगवलेल्या लाकडी वस्तूंची परंपरा विसाव्या शतकात क्षीण होऊ लागली, तेव्हा तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा व काम देऊन ती सावरली. मुंबईत दिंडोशीसारख्या, कोकणाशी नाते टिकवून असलेल्या वस्तीत या वस्तू गावाहून परतणाऱ्यांच्या सामानातून येतात. मात्र स्नेह्यांना देण्यासाठी एखादी फुलदाणी स्वतःच कातावी असे ज्याला वाटते, त्याच्यापुढचा प्रश्न भोवरा किंवा लाटणे कातण्याहून वेगळा असतो, कारण ती वस्तू भरीव नसून पोकळ असते.

पहिला प्रश्न लाकडाचा. मुंबईत झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा वखारीतील आंबा, फणस किंवा साग हाच रास्त मार्ग होय. ओले लाकूड कातायला मऊ जाते, पण वाळताना ते वाढवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडे आकसते, आणि या विषमतेमुळे गोल तोंड लंबगोल होते किंवा भिंत तडकते. म्हणून जाणते कातारी खोडाचा गाभा टाळतात, भांडे आधी जाडसर कातून, म्हणजे भिंत व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी राखून, कागदात गुंडाळून काही महिने सावलीत ठेवतात आणि मगच अंतिम घाट देतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवाच दमट असल्याने ही प्रतीक्षा आणखी लांबते. ती टाळण्याची घाई फुलदाणीला महागात पडते.

खरे कौशल्य आत आहे. बाहेरचा घाट देताना हत्यार मोठ्या व्यासाकडून लहानाकडे न्यावे लागते, म्हणजे कापला जाणारा तंतू त्याच्या खालच्या तंतूवर टेकलेला राहतो आणि उचकटत नाही. उभ्या तंतूंची फुलदाणी आतून पोखरताना मात्र गोल पटाशी मध्यापासून कडेकडे नेतात. तोंड जितके अरुंद, तितके हत्याराचे पाते, ते ज्यावर टेकवतात त्या आधारपट्टीपासून दूर जाते, ते थरथरू लागते, आणि आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नसल्याने हाताला जाणवणारा कंप व बदलत जाणारा आवाज यांवरूनच भिंतीची जाडी ओळखावी लागते. नवशिक्याने म्हणूनच रुंद तोंडाचा घाट निवडणे शहाणपणाचे. तोंडावर मुखपट्टी व डोळ्यांवर चष्मा तर हवाच, कारण बारीक भुसा छातीत बसतो.

शेवटी रंग. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पातळ थर चढतो, आणि तो चोळून चमकवता येतो. लाख हा किड्यांनी पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर सोडलेला राळेसारखा पदार्थ असून उष्णतेने मऊ पडतो व स्पिरिटने विरघळतो, त्यामुळे अशी फुलदाणी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, आणि ताजी फुले ठेवायची असल्यास आत काचेची नळी बसवावी, हे भेट देतानाच सांगणे बरे.