मध्यवर्ती म्हणजे कुठे?

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरात, आई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी येणार होती. तिकिटाचं बोलणं चाललेलं असताना तिने फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाटेत लंडनला उतरता येतं का गं?"

सहज नव्हतं ते. १९७४ मध्ये बाबा कंपनीच्या प्रशिक्षणासाठी सहा महिने लंडनला होते. मी तेव्हा दहा महिन्यांची. आठवड्याला एक निळं एअरोग्राम यायचं. आईने ती सगळी पत्रं गोदरेजच्या कपाटात जपून ठेवली आहेत. पुढे "एकदा तुला दाखवतो लंडन," असं बाबा जवळजवळ चाळीस वर्षं म्हणत राहिले. कधी घराचे हप्ते आडवे आले, कधी आमची शिक्षणं, कधी कुणाचं आजारपण. २०२१ मध्ये बाबा गेले आणि दाखवायचं राहूनच गेलं.

मी लगेच हो म्हटलं. ती मुंबईहून येणार, मी नेवार्कहून जाणार, हीथ्रोवर भेटायचं, चार रात्री राहायचं आणि दोघींनी मिळून पुढे यायचं. आईचा ब्रिटनचा व्हिसा झाला. आता प्रश्न उरला हॉटेलचा.

आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांना लंडन पाठ आहे, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं वेम्बलीला राहा, जेवणाची सोय. कुणी म्हणालं हीथ्रोजवळ राहा, स्वस्त पडतं. सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं : "मध्यवर्ती घे." पंचाईत अशी, की लंडनमधलं प्रत्येक हॉटेल स्वतःला मध्यवर्ती म्हणवतं. लंडनची अंतरं परंपरेने चेअरिंग क्रॉसजवळच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या पुतळ्यापासून मोजतात. पण आम्हाला काही त्या पुतळ्यापाशी राहायचं नव्हतं.

दुसरी फसगत त्या प्रसिद्ध भुयारी रेल्वेच्या नकाशाची. १९३३ मध्ये छापला गेलेला हॅरी बेकचा तो नकाशा दिसायला सुरेख आहे, पण त्यात अंतरांचा हिशोब नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे. नकाशा बघून माणूस जमिनीखाली उतरतो, गाडी पकडतो, पुन्हा वर येतो आणि मग कळतं की चालत लवकर पोचलो असतो. कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट सोडून जिना धरलात, तर १९३ पायऱ्या आहेत.

मी स्वतःला हुशार समजत होते. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन थेट पॅडिंग्टनला जाते, साधारण अर्ध्या तासात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टने किंवा उताराने जाता येतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं जुनं. ऑपरेशनला ती अजून तयार नाही. तेव्हा पॅडिंग्टनजवळचं हॉटेल घ्यायचं ठरवलं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, पांढऱ्या खांबांच्या जुन्या घरांच्या रांगेत एक छोटं हॉटेल सापडलं. फोटो छान, नाश्ता धरून, आणि आजूबाजूच्या हॉटेलांपेक्षा रात्रीला तीस पौंड कमी. खोली 'फर्स्ट फ्लोअर'ला. पैसे परत न मिळण्याच्या अटीवर आणखी थोडी सूट होती, तीही घेतली.

हीथ्रोवर आई व्हीलचेअरवरून हसत बाहेर आली. बरोबर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी चिवडा. पॅडिंग्टनपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. तिथून दहा मिनिटांचं अंतर मात्र आम्हाला पस्तीस मिनिटं लागलं. ती दहा मिनिटं माझ्या पायांची होती, आईच्या नव्हे. आणि हॉटेलच्या दारात पाच दगडी पायऱ्या.

आत गेल्यावर मी लिफ्ट कुठे विचारलं. काउंटरवरचा मुलगा ओशाळून म्हणाला की लिफ्ट नाही. बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. मी वाचलं नव्हतं. "पण आमची खोली फर्स्ट फ्लोअरला आहे ना?" मी विचारलं. त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. गालिचा घातलेला, अरुंद, वळणाचा जिना.

पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून माझ्या डोक्यात फर्स्ट फ्लोअर म्हणजे तळमजला असं पक्कं बसलंय. आई कठड्याला धरून म्हणाली, "अगं, इंग्रजांचा फर्स्ट फ्लोअर म्हणजे आपला पहिला मजला. आपण त्यांच्याकडूनच नाही का शिकलो?" तिला विचारलं असतं तर तिने पुण्यातूनच सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

ती चढली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये दोनदा थांबून. खोलीत पोचल्यावर तिने इलेक्ट्रिक किटली बघितली आणि खूश झाली. इंग्लंडमध्ये साध्या हॉटेलातही खोलीत चहाची सोय असते, हे बाबांनी पत्रात लिहिलं होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाश्त्यासाठी खाली उतरली, पुन्हा वर आली आणि पलंगावर बसली. "तू जा फिरून ये. मला इथून खिडकीतून छान दिसतंय सगळं." खिडकीतून समोरच्या घरांची रांग आणि कचऱ्याचे डबे दिसत होते. मी कोपऱ्यावरून सँडविच आणलं. दुपारी म्हणाली, "उद्या जाऊ." संध्याकाळी बाम चोळताना बघितलं, तर उजवा गुडघा टम्म सुजला होता.

तेव्हा मला उलगडलं. तिला फिरायला नको नव्हतं. एकदा खाली उतरलं की परत वर यायचं आहे, या धास्तीने ती बाहेर पडत नव्हती. बाहेर पडलं तर रात्रीपर्यंत बाहेरच राहावं लागणार, दुपारी पाठ टेकायला येता येणार नाही, स्वच्छतागृह शोधत फिरावं लागणार. हे ती बोलून दाखवणार नाही. आपल्या आयांच्या पिढीने 'मला नको' हे दोनच शब्द शिकून ठेवलेत. चारपैकी दीड दिवस संपला होता आणि पन्नास वर्षं वाट पाहून आलेली बाई कचऱ्याचे डबे बघत बसली होती. तीस पौंड वाचवण्यासाठी.

रात्री नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "उरलेल्या दोन रात्रींचे पैसे गेले समज आणि हलवा मुक्काम." मग मी लॅपटॉप उघडून पहिल्यांदा नीट अभ्यास केला.

लंडनच्या भुयारी रेल्वेची २७२ स्टेशनं आहेत. त्यातल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच पायऱ्यांशिवाय जाता येतं. त्याचा वेगळा नकाशा मिळतो. त्यावर व्हीलचेअरची दोन प्रकारची चिन्हं असतात. एकाचा अर्थ रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत, दुसऱ्याचा अर्थ फक्त फलाटापर्यंत, पुढे डब्यात शिरताना पायरी किंवा फट असू शकते. नेहमीच्या नकाशाऐवजी मी हा नकाशा समोर ठेवला आणि आईच्या वहीत लिहिलेली ठिकाणं त्यावर शोधली. तिची यादी छोटी होती. बाबा राहायचे ते अर्ल्स कोर्टमधलं घर. बाबासाहेब आंबेडकर राहायचे ते घर. टॉवर ब्रिज. वेळ उरला तर ब्रिटिश म्युझियम.

उत्तर निघालं किंग्ज क्रॉस. तिथे सहा मार्ग एकत्र येतात आणि सगळ्या फलाटांना लिफ्ट आहे. पिकॅडिली लाइनने अर्ल्स कोर्ट थेट, गाडी न बदलता, आणि तिथेही लिफ्ट. सर्कल लाइनने टॉवर हिल थेट, तिथेही लिफ्ट. तीच पिकॅडिली लाइन हीथ्रोलाही जाते, तासभर लागतो, पण एकदा बसलं की बसलं. जेवणासाठी ड्रमंड स्ट्रीट जवळ, तिथे भेळ, डोसा मिळतो. स्टेशनच्या समोरच्या रस्त्यावर एक साधं, नव्या बांधणीचं हॉटेल होतं. यावेळी मी फोन करून विचारलं : लिफ्ट आहे का, दारात पायऱ्या किती, न्हाणीघरात टब आहे की सपाट शॉवर? पलीकडच्या बाईने सगळी उत्तरं दिली. शनिवारी सकाळी टॅक्सीने तिथे गेलो.

त्याच दुपारी आई म्हणाली, "चल, अर्ल्स कोर्टला जाऊ." मी काही सुचवायच्या आत पायात बूट होते.

सत्तरच्या दशकात अर्ल्स कोर्ट म्हणजे स्वस्त भाड्याच्या खोल्यांचा भाग. ऑस्ट्रेलियन तरुण इतके राहायचे की त्याला कांगारू व्हॅली म्हणायचे. आता तो भाग बराच महाग झालाय. पत्रावरचा पत्ता आईला पाठ होता. मुख्य रस्त्यामागच्या गल्लीत ते घर सापडलं. पांढरे खांब, काळा दरवाजा आणि दारात पाच दगडी पायऱ्या, अगदी आमच्या पहिल्या हॉटेलसारख्या. आता तिथे फ्लॅट आहेत.

आई फुटपाथवर उभी राहून वर बघत होती. "सगळ्यात वरची खोली ह्यांची," ती म्हणाली. "वरची म्हणून भाडं कमी. चौसष्ट पायऱ्या होत्या, पत्रात लिहिलं होतं. रोज मोजायचे." मग थोड्या वेळाने, "मला वर नव्हतं जायचं गं. खालून बघायचं होतं."

आम्ही तिथे पाऊण तास होतो. समोरच्या कठड्यावर तिला बसता आलं. मग परत येऊन ती दोन तास झोपली आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, "आता कुठे?"

रविवारी सकाळी काळी टॅक्सी घेऊन प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडला गेलो. १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. आई तीस वर्षं शिक्षिका होती, इतिहास शिकवायची. तिथे ती फार बोलली नाही, पण प्रत्येक पाटी वाचली. दुपारी हॉटेलवर येऊन वरणभाताऐवजी डोसा खाल्ला, पाय वर करून पडली आणि सूर्य मावळताना आम्ही टॉवर ब्रिजवर होतो. ब्रिटिश म्युझियम राहिलं. त्याबद्दल तिची तक्रार नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत दर उन्हाळ्यात आईवडील किंवा सासूसासरे येतात आणि आपण उत्साहाने त्यांना कुठे ना कुठे नेतो. शहर कुठलंही असो, हॉटेल निवडताना मी आता एकच प्रश्न आधी विचारते : दुपारी दोन वाजता इथे सहज परत येता येईल का? येता येणार असेल, तर ते मध्यवर्ती. नसेल, तर राजवाड्यासमोर असलं तरी लांबच.

बाकीचे प्रश्न त्यातूनच निघतात. जवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे का, आणि ती आपल्या कामाच्या मार्गाच्या फलाटापर्यंत जाते का? विमानतळावरून गाडी न बदलता येता येतं का? दारात आणि आत पायऱ्या किती? खोली आपल्या भाषेत कितव्या मजल्यावर? औषधाचं दुकान आणि खाता येईल असं काही दोनशे पावलांत आहे का? चालायची मिनिटं सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने मोजली आहेत का?

पॅरिसला जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथल्या जुन्या मेट्रोत १४ नंबरचा एकच मार्ग पूर्णपणे पायऱ्यांशिवाय वापरता येतो, बाकी वेळी बस बरी. टोकियोत लिफ्ट बहुतेक सगळीकडे आहेत, पण शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत. तिथे स्टेशनपेक्षा दाराचा क्रमांक विचारा आणि लिफ्ट त्या दाराला आहे का तेही. आणि आपलं न्यू यॉर्क? आईला मॅनहॅटनला नेण्याआधी मी सबवेचाही तो नकाशा पहिल्यांदा उघडला. इतकी वर्षं इथे राहून आपल्या सोयीच्या किती स्टेशनांना लिफ्ट नाही, हे मला माहीतच नव्हतं.

आई मार्चमध्ये पुण्याला परत गेली. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलंय. परवा फोनवर म्हणाली, "ब्रिटिश म्युझियम राहिलंय ना आपलं?" मी किंग्ज क्रॉसच्या त्या हॉटेलचा नंबर जपून ठेवलाय.