मोरीच्या पाण्यावर वेखंड: एकदा लावा, निगा कमी



न्हाणीचं पाणी घरामागे साचून चिखल होतो. त्या जागेत वेखंड लावा. लव्हाळ्यासारखं उभं वाढतं, पाय ओले असले की खूश असतं. खत-फवारणीची फारशी गरज नाही.

*रोप ओळखा*
पान तलवारीसारखं लांब असतं. चोळलं की उग्र सुवास येतो. वास नसेल तर ते वेखंड नाही. लागवडीला ओला, ताजा कंदच घ्या. किराणा दुकानातलं वाळकं वेखंड उगवत नाही.

*जागा तयार करा*
१) विहीर-बोअरपासून किमान ५० फूट लांब, १० फूट बाय ४ फुटांचा उथळ चर काढा.
२) पाणी जिथून आत येतं तिथे जाळी लावून खरकटं अडवा. पुढे खडी आणि जाड वाळू टाका.
३) संडासाचं पाणी यात अजिबात सोडू नका.

*लागवड*
जून-जुलैमध्ये करा. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा. एक-एक फुटावर, दोन बोटं खोल लावा. वरच्या मापाच्या चराला साधारण ४० तुकडे लागतात. माती ओली राहू द्या, पण कोवळा कोंब पाण्यात बुडू देऊ नका.

*निगा*
पहिले दोन-तीन महिने तण काढा. पुढे वेखंडच जागा धरतं. पिवळी पानं कापा. दोन-तीन वर्षांनी गर्दी झाली की कंद उपटून विरळ करा. उन्हाळ्यात पाहुणे गेले, पाणी कमी झालं, तर दोन-चार बादल्या ओता. ओल तुटली की पानं वाळतात.

*डासांचं काय?*
नुसतं वेखंड लावून डास जात नाहीत. उघडं पाणी आठवडाभर साचलं की त्यात डास तयार होतात. म्हणून पाणी वर दिसलं की तिथे खडी भरा. पाणी खडीखाली, झाड वर, असं हवं.

*पाणकणीस लावू नका*
तेही पाण्यात छान वाढतं, पण त्याचं बी वाऱ्याने उडतं आणि ओढे, पाटचाऱ्या भरून टाकतं. प्लास्टिकच्या शेततळ्याजवळ तर नकोच. त्याचे टोकदार कोंब कागदाला भोक पाडू शकतात.

⚠️ *महत्त्वाचं*
आपल्याकडे बाळगुटीत वेखंड उगाळतात. पण सांडपाण्यावर वाढलेला कंद बाळाला किंवा कुणालाही पोटात देऊ नका. घाण पाण्याचा धोका आहेच, शिवाय वेखंडात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं. अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे. घरातल्या आजी-आईंनाही हे वाचून दाखवा.

रोप ओळखताना शंका आली तर पानाचा आणि कंदाचा फोटो याच नंबरवर पाठवा.