आडनावांच्या मागावर – ५ : अल्पिष्टनची वाडी

गेल्या आठवड्यात आपण मॅक्ग्रेगर हे कायद्यानं बंदी घातलेलं आडनाव पाहिलं. आजचं आडनाव खुद्द स्कॉटलंडातही क्वचितच भेटतं. मुंबईकराच्या तोंडात मात्र पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं. एल्फिन्स्टन.

एडिनबरोच्या पूर्वेला ट्रॅनेंटजवळ याच नावाचं एक लहानसं गाव आहे. एके काळी कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथले जमीनदार तेराव्या शतकापासून गावाच्या नावानं ओळखले जाऊ लागले. रीत आपल्या पुणेकर-सातारकरांचीच, फक्त ‘कर’ नाही. नुसतं गावच आडनाव झालं.

इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘स्टोन’ वाचून दगड शोधायला जाऊ नका. तो अंश मुळात ‘टन’, म्हणजे जुन्या इंग्रजीतली वाडी. तिच्याआधी कुणा पुरुषाचं नाव असावं आणि मधला ‘स’ षष्ठीचा असावा, असं स्थलनामांचे अभ्यासक मानतात. थोडक्यात, अमक्याची वाडी. घराण्याचा मूळपुरुष जर्मन सरदार होता अशीही एक कथा आहे. असा भारदस्त परदेशी पूर्वज बहुतेक कुलवृत्तांतांत निघतो. माझा तिच्यावर विश्वास नाही.

खरी गंमत पुढं आहे. पंधराव्या शतकात वारस मुलगी निघाली आणि मूळ गाव तिच्या सासरी, जॉन्स्टन घराण्यात गेलं. भाऊबंदांकडं राहिली ती दूर स्टर्लिंगकडची जमीन. त्यांनी त्या जहागिरीलाही एल्फिन्स्टन हेच नाव दिलं! गावानं माणसाला नाव दिलं, माणसानं ते दुसऱ्या जागेला. याच घराण्याला पुढं लॉर्ड ही पदवी मिळाली. पहिला लॉर्ड १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत पडला. १४९५ मध्ये ॲबर्डीनचं विद्यापीठ स्थापन करणारा बिशप विल्यम हाही एल्फिन्स्टनच.

आणि अकराव्या लॉर्डचा मुलगा माउंटस्टुअर्ट. १८११ मध्ये तो पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून पुण्यात आला, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. मराठी माणसानं त्याचा ‘अल्पिष्टन साहेब’ केला. आपण याला अपभ्रंश म्हणून हसतो. पण त्या नावाचा शेवट तिकडचे लोकही ‘स्टन’ असाच उच्चारतात! स्पेलिंग पाहून ‘एल्फिन्स्टोन’ म्हणणाऱ्या शिकलेल्यांपेक्षा, कानानं ऐकून ‘अल्पिष्टन’ म्हणणारे मूळच्या अधिक जवळ होते.

मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाला नाव होतं ते मात्र या साहेबाचं नव्हे, त्याच्या पुतण्याचं. तो १८५३ ते १८६० गव्हर्नर होता. २०१८ मध्ये ते स्टेशन प्रभादेवी झालं.

पुढच्या आठवड्यात मेंझीज : लिहायचं एक आणि म्हणायचं ‘मिंगिस’, असं का, ते पाहू.